वाटी सरकली, पण ‘लिगामेंट’ला काय म्हणायचं?

कैरीपन्हं: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय. गुडघ्याची वाटी वारंवार निखळते, त्यावरची शस्त्रक्रिया. वाटीला आतल्या अंगाने मांडीच्या हाडाशी धरून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, फाटलेला असतो. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी काढून त्या जागी बसवतात. मी लिहिलं, ‘अस्थिबंधाची पुनर्रचना’. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे हाड बांधणार? प्लास्टर?”

पोफळी: ‘लिगामेंट’च ठेवा. रिक्षावालासुद्धा “लिगामेंट गेलंय” म्हणतो.

जुना_टाक: उद्या ‘नी’ आणि ‘बोन’ही ठेवा! आयुर्वेदातल्या सुश्रुताने नऊशे स्नायू मोजले, ते हेच बंध. फळ्या दोरांनी बांधल्या की नाव भार पेलते, तसं शरीर, असा दृष्टान्तही दिलाय. शब्द घरचाच आहे.

पोफळी: अहो, मराठीत स्नायू म्हणजे मसल. बंगालीत तर नर्व्ह! पेशंट गोंधळात मरेल.

खांबखो: आधी ‘निखळते’ काढा. खांदा निखळतो, वाटी सरकते. माझी नववीत सरकली, खो-खोत खांबाला वळसा घेताना. खाली बघितलं तर वाटी गुडघ्याच्या बाहेरच्या कुशीला. कुणीतरी पाय सरळ केला, टक् झालं, बसली जागेवर. गावच्या हाडवैद्याने ‘शीर चढलीय’ म्हणून आठवडाभर तेल चोळलं. पुढे जिना उतरताना दोनदा.

जुना_टाक: सुश्रुताकडे ‘संधिमुक्त’ आहे, म्हणजे सांध्यातून सुटलेलं.

खांबखो: कळवळताना कोण म्हणतं हो संधिमुक्त?

पोफळी: 😂 बाकी ‘वाटी’ मस्त शब्द. लॅटिन ‘पटेला’ म्हणजेही छोटं ताटलीवजा भांडं.

माडावरून: आमच्याकडे वाटी खोबऱ्याची. आजी म्हणायची, गुडघ्याचं नाव त्यावरूनच पडलं. पालथी ठेवून बघा, अगदी तशीच दिसते.

जुना_टाक: पुरावा? सुश्रुत गुडघ्याच्या हाडाला ‘कपाल’ गटात घालतो. कपाल म्हणजे खापर, भिक्षापात्रही. खोबरं कुठून आलं?

माडावरून: आजीकडून.

कैरीपन्हं: मंडळी, ‘पुनर्रचना’चं काय? जुना पट्टा शिवत नाहीत, नवा घालतात. ‘वाटी धरणारा नवा बंध बसवणे’ चालेल?

खांबखो: ‘बंध’ म्हटलं की मला राखी आठवते. ‘पट्टा’ लिहा.

पोफळी: पट्टा म्हणजे बाहेरून बांधायचा वाटेल. औषधाच्या दुकानात मिळतो तो.

माडावरून: करवंटी आणि वाटी एकच का, यावर वेगळा धागा काढू का?