मीटिंगमध्ये सगळे गप्प, बाहेर चहाला सगळे बोलतात. यावर काही रिसर्च झालाय का?

कुपवाडचा_शिफ्टवाला
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, शिफ्ट बघतो, कंपनीचं नाव नको. झालंय असं की दोन महिन्यांपूर्वी मालकांनी सोमवारच्या मीटिंगला सांगितलं, कोअरची (कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) वाळू आता नवीन सप्लायरकडनं घ्यायची, टनाला स्वस्त पडती, कुणाला काही अडचण? आम्ही अकरा जण होतो आणि कुणी तोंड उघडलं नाही. मिनिटभर फॅनचा आवाज तेवढा. मग ठरलं. आणि गेटबाहेर चहाला आलो तर कोअर शॉपच्या पोरानं सॅम्पलची वाळू मुठीत आवळून सोडून दाखवली, सगळा तळहात पिवळट मातीनं माखलेला, म्हणला ह्यात माती लय आहे, रेझिन (वाळू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) जास्त पाजावं लागणार, गॅस होणार, ब्लोहोल येणार, म्हणजे कास्टिंगमध्ये गॅसची भोकं पडणार. बाकीचे दोघं-तिघं पण म्हणले आम्हाला आधीच वाटत होतं. आता रिजेक्शन वाढलंय, कास्टिंग मशीनिंगला जाऊन माघारी यायला लागलीत, तरी मालक म्हणतात ॲडव्हान्स दिलाय, अजून एक लॉट बघू. माणूस वाईट नाही हो, पगार कधी थकवला नाही, कुणाला ओरडत पण नाहीत. मग आम्ही बोललो का नाही? मी स्वतः का बोललो नाही, हेच मला झोपू देईना. यावर कुणी अभ्यास केला असेल तर सांगा.

साताऱ्याची_ताई
दादा, मी साताऱ्यात एमबीएच्या मुलांना हाच विषय शिकवते. तुमचं लिहिलेलं वाचून पहिल्यांदा मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश आठवला. 1950 च्या दशकातले त्याचे प्रयोग आहेत. एका रेघेइतकी लांब रेघ तीन रेघांतून ओळखायची, इतकं सोपं काम, पण खोलीतले बाकीचे सगळे ॲशचीच माणसं, ठरवून चुकीचं उत्तर देणारी. 18 फेऱ्यांपैकी 12 वेळा ते मुद्दाम चुकायचे, आणि खऱ्या माणसांपैकी साधारण 75 टक्के लोक एकदा तरी त्यांच्यामागनं चुकीचं बोलले. डोळ्यांना दिसत असून! पण मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. खोलीत एक जरी माणूस खरं बोलला तर मागनं जायचं प्रमाण एकदम खाली आलं, आणि उत्तर तोंडी न सांगता कागदावर लिहायला दिलं तरी खाली आलं. म्हणजे त्या दिवशी तुमच्या कोअर शॉपच्या पोराला फक्त एक सोबती हवा होता.

ॲडव्हान्सचं म्हणाल तर बॅरी स्टॉ यांचा 1976 चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना कंपनीचे एक कोटी डॉलर दोन विभागांपैकी एकात लावायला सांगितले, मग निकाल दाखवला, मग अजून दोन कोटी वाटायला दिले. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता आणि तो फसला होता, त्यांनीच त्या फसलेल्या विभागात जास्त पैसे ओतले. तुमच्या मालकांना वाळू आवडलीय असं नाही, निर्णय त्यांचा स्वतःचा आहे म्हणून सोडवत नाही.

मिरजेचा_फोरमन
मी 34 वर्षं शॉप फ्लोअरला काढली, आता रिटायर्ड. ताईंचं बरोबर आहे पण माझं मत असं की मालकानं आधी स्वतःचा निर्णय सांगितला तिथंच मीटिंग संपली, नंतर "कुणाला अडचण" विचारून काय उपयोग, अन्नदात्याला अडचण कोण सांगणार? आमच्यात क्वालिटी सर्कल होतं, म्हणजे कामगारांनीच ठरावीक वेळी बसून कामातल्या अडचणींवर बोलायचं. जपानात हे 1962 ला सुरू झालं आणि आपल्याकडं 1980 ला हैदराबादच्या भेल कारखान्यानं आणलं, मग सगळीकडं पसरलं. आमच्या सर्कलला मी नियम केलेला, सगळ्यात नवा हेल्पर पहिला बोलणार आणि मी सगळ्यात शेवटी. पहिले दोन महिने पोरं नुसती खाली बघायची. एकदा एकानं सांगितलं की काका, लेथच्या कूलंटला वास येतोय म्हणून आम्ही बंद करून चालवतोय, आणि मला तेव्हा कळलं की टूल एवढे का जळतात. मी त्याला एक शब्द वाकडा बोललो नाही. बोललो असतो तर पुढची दहा वर्षं कुणी काही सांगितलं नसतं.

सांगलीवाला_एचआर
काका, तुमच्या हेल्परसारखंच एमी एडमंडसन या संशोधक बाईंना हॉस्पिटलात सापडलं, 1996 चा पेपर आहे. त्यांना वाटलेलं की चांगल्या टीमकडनं औषधांच्या चुका कमी होत असतील, आकडे आले उलटे, चांगल्या टीमच्या चुका जास्त! नंतर उलगडलं की तिथं लोक चुका सांगत होते, बाकीकडं झाकत होते. मग 1999 ला त्यांनी एका कारखान्यातल्या 51 टीमवर काम केलं, आणि जिथं बोलायची भीती कमी तिथं शिकणं जास्त आणि काम पण चांगलं.

एका गोष्टीत मात्र माझं वेगळं मत आहे. हॉफस्टेड या संशोधकाच्या मोजणीत अधिकारातलं अंतर, म्हणजे वरच्या-खालच्यातला फरक लोक किती गृहीत धरतात ते, भारतात 77 आणि अमेरिकेत 40 येतं, त्यामुळं "तुम्ही धीट व्हा" असं पोरांना सांगून भागत नाही, मोठ्यांपुढं तोंड उघडू नये हे आपण घरातनं शिकून आलोय. पद्धतच बदलायला पाहिजे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांची एक पद्धत आहे, निर्णय पक्का व्हायच्या आधी सगळ्यांना सांगायचं की समजा सहा महिने झालेत आणि हे पार फसलंय, का फसलं ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहा. ह्यात मालकाला कुणी चूक म्हणत नाही, मालकानंच विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतोय असं होतं.

कुपवाडचा_शिफ्टवाला
ताई, काका, दादा, मनापासून आभार. काल रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर कोअर शॉपच्या पोराला थांबवून घेतलं, दोन्ही वाळूचे कोअर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढले, आणि नव्या वाळूला किती रेझिन लागतंय ते त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं. सोमवारी मीटिंगच्या आधी दोघं मिळून मालकांच्या केबिनला जाणार आहोत. सप्लायर चुकीचा निवडला असं काही म्हणणार नाही, एवढंच विचारणार की पुढच्या लॉटचे पैसे द्यायच्या आधी सगळ्यांकडनं चिठ्ठ्या घेऊया का. पोरगं घाबरलंय, म्हणतंय तुम्ही आधी बोला साहेब, मग मी बोलतो.

साताऱ्याची_ताई
तुम्ही आधी बोला दादा. आणि वाळू पण घेऊन जा सोबत, दोन्ही पिशव्या. मालकांना स्वतःच्या मुठीत धरून बघू दे.