स्प्लिट एका दिवसात उरकू नका
सत्तरीच्या आई-बाबांना ताईकडे म्युनिकला नेताय, तर क्रोएशियातलं स्प्लिट शहर एका दिवसात होईल का, असं विचारलंत. दोन रात्री द्याच. आम्ही भावाकडून गेलो होतो. रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ.स. 305च्या सुमारास बांधलेल्या राजवाड्यात आजही लोक राहतात. दगडी कमानीशेजारी दोरीवर वाळणारी चादर बघून आईला तिचा माहेरचा वाडाच आठवला! ज्या डायोक्लेशियनने ख्रिश्चनांचा छळ केला, त्याच्याच समाधीचं पुढे कॅथेड्रल झालं. समोरच्या चौकात इजिप्तहून आणलेला काळा स्फिंक्स, म्हणजे सिंहाचं धड आणि माणसाचं डोकं असलेला पुतळा आहे. तिथे पहाटे जा, गर्दी नसते. फरशी मात्र झिजून गुळगुळीत झालीय, ओली असली की पाय सटकतो. बाबांना रबरी तळव्याचे बूट घ्याच.