शुक्रवारचा फिश फ्राय, सांगलीत रविवारी

प्रेषक: जुना खजिनदार, सांगली
दिनांक: २९ नोव्हेंबर
विषय: डिसेंबरात सांगलीकडे येणाऱ्यांनी एक संध्याकाळ राखून ठेवा

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेतून परत आलो तेव्हा आपल्या मिलवॉकीच्या मंडळाच्या या मेल-यादीतून नाव काढायला सांगायचं राहून गेलं, आणि आता दोन वर्षांनी काढावंसं वाटत नाही. मिलवॉकीचं तापमान उणे वीस झालं की इथे उन्हात बसून तुमच्या तक्रारी वाचायला बरं वाटतं.

आपल्यातली सात-आठ घरं नाताळच्या सुट्टीत सांगली, मिरज, तासगाव, जयसिंगपूर या भागात येणार असं इथूनच कळलं. हॉल वगैरे नको, घरी या. हरिपूर रस्त्यावरच्या आमच्या घराच्या परसात फिश फ्राय करू, आपण तिकडे करायचो तसा. एक कढई, एक बादली बर्फ, हाताला लागतील त्या ताटल्या. शुक्रवार १९ डिसेंबर, संध्याकाळी साडेसहा.

अट एकच. मी जेवायला बोलवत नाही, तळायला बोलवतोय. कढईतून निघेल तसं कढईपाशीच उभ्यानं खायचं. सगळ्यांचं आधी तळून, झाकून ठेवून, मग पानं मांडली की वाफेनं सगळं मऊ पडतं. तो फिश फ्राय नव्हे, ते माशाचं श्राद्ध.

किती जण येणार तेवढं कळवा.

---

प्रेषक: ब्रुकफील्डच्या वहिनी
दिनांक: २९ नोव्हेंबर
विषय: उत्तर: डिसेंबरात सांगलीकडे येणाऱ्यांनी…

भाऊजी, घरात कॅलेंडर आहे ना? १९ तारखेला मार्गशीर्षाची अमावस्या आहे. आम्ही कसेही येऊ, पण आमच्याबरोबर आमच्या सासूबाई येणार, आणि त्यांचा अख्खा मार्गशीर्ष पाळलेला असतो.

शिवाय तिकडचा शुक्रवार कशासाठी ते आठवा. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, लेंटमध्ये, कॅथलिक लोक शुक्रवारी मटण-चिकन खात नाहीत, म्हणून मासे. विस्कॉन्सिनमध्ये पुढे ते बारा महिन्यांचं झालं. चर्चच्या तळघरात कोलस्लॉ (कोबीचं सॅलड) आणि बटाट्याच्या धिरड्यांसाठी आपण किती वेळा रांगेत उभे राहिलोय! त्यांचा उपास म्हणून मासा, आपला उपास म्हणून मासा नाही. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा हे ऐकून त्यांनी विचारलं होतं, "मग उपास सोडताना काय खातात, वरणभात?"

२८चा रविवारही नको, त्या दिवशी शाकंभरीचं नवरात्र बसतं. मिरजेकडच्या कितीतरी घरांत बनशंकरी, म्हणजे शाकंभरीच, आहे. २१चा रविवार धरा. पौष लागलेला असेल, कोणाचं काही नाही.

आमचे पाच.

---

प्रेषक: देवगडवाले काका
दिनांक: ३० नोव्हेंबर
विषय: उत्तर: डिसेंबरात सांगलीकडे येणाऱ्यांनी…

सांगलीत फिश फ्राय म्हणजे मालवणात हुरडा पार्टी.

माझा मेव्हणा मिरजेत असतो, त्याला पाठवणार होतो. पण आधी खुलासा करा, मासा कुठला? नदीचा मासा म्हणजे चिखल तळून खाणं. रत्नागिरीहून आंबा घाटानं रात्रीत बर्फातली सुरमई येते, ती मागवा, नाहीतर सरळ मटण करा. मटणात तुम्हा लोकांचा हात धरणारं कोणी नाही हे मी कोकणी असून मान्य करतो.

---

प्रेषक: जुना खजिनदार, सांगली
दिनांक: २ डिसेंबर
विषय: २१ तारीख पक्की, आणि काकांना खुलासा

वहिनी, २१ ठरलं. अमावस्येचं आमच्या काकूंनीही सांगितलं होतं, पण तुमची मेल येईपर्यंत मी ऐकून घेतलं नव्हतं.

काका, चिखलाचा वास येतो हे खरं. मीही लहानपणी नाक मुरडायचो. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा. साचलेल्या पाण्यातलं शेवाळ आणि जिवाणू तो तयार करतात, आणि तो माशाच्या कातडीत, चरबीत जाऊन बसतो. आंबट लागलं की मोडतो. आपल्या आज्या मासा चिंचेच्या कोळात घोळायच्या त्या उगीच नाही. मी मीठ-हळद चोळून दहा मिनिटं, मग चिंचेच्या दाट कोळात अर्धा तास ठेवतो आणि धुतो. हळद अर्थात इथलीच. ज्या गावाला हळदीचं भौगोलिक (जीआय) मानांकन आहे तिथे परगावची हळद आणली तर वखारीतले लोक बोलणं टाकतील.

आता मासा. कृष्णेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता, त्यामुळे नदीचा आग्रह मी धरत नाही. ओळखीचे एक भोईमामा आहेत, त्यांच्या पाहुण्याचं शेततळं आहे. तिथला कटला आणि चिलापी. चिलापी म्हणजे तुमच्या दुकानातली तिलापियाच. हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली भारतात आणला, आणि आता इथल्या माणसाला तो परदेशी आहे सांगितलं तर तो हसेल. चिलापी अख्खी तळायची, दोन्ही अंगांना तिरके चरे देऊन. कटल्याचे काटे इंग्रजी वायसारखे दुफाटे असतात, मासात रुतलेले. पोरांना देताना जपायचं. पोटाकडची तुकडी मोठ्यांनी मागून घ्यायची, तिथे बारीक काटे नसतात.

मरळही दोन-तीन किलो सांगितलीय. महाग आहे, पण तिला ते बारीक काटे नाहीतच. ती वरची हवा घेऊन श्वास घेते, म्हणून बाजारात पराती-घमेल्यांत जिवंत वळवळताना दिसते. हातातून सटकते, राख लावल्याशिवाय धरता येत नाही.

मला खरं हवा होता मिलवॉकीतला कॅटफिश. आमच्या डाव्या बाजूचे शेजारी मूळ मिसिसिपीचे. बिअरच्या पिठातला कॉड त्यांना पटायचा नाही. दर उन्हाळ्यात गॅरेजसमोर गॅसची शेगडी मांडून, मक्याच्या भरड्यात घोळवून कॅटफिश तळायचे. कोणालाही बोलावलेलं नसायचं आणि तीस माणसं असायची. शिंगाळा त्याच जातकुळीतला, पण एकसारखा मोठा मिळेना. बाजारात एकानं मागूर पुढे केला. तो थाई मागूर निघाला असता तर? त्याच्या पैदाशीवर बंदी आहे. परत ठेवायला लावला.

भरड्याचं मात्र जमलं. दोन किलो मका घेऊन गिरणीत गेलो, म्हटलं जाडसर काढा. गिरणीवाला म्हणाला, "कोंबड्या किती आहेत?" म्हटलं, पंचवीस येणार आहेत. त्यानं दुसरं काही विचारलं नाही.

गेल्या रविवारी चाचणी घेतली आणि सपशेल फसली. कांदा-लसणाची चटणी माशाला चोळून तळलं. (कोकणवाल्यांसाठी: आमच्याकडे चटणी म्हणजे मसाल्याचं लाल तिखट.) दुसऱ्या घाण्यालाच तेल काळं, चव कडू. चटणीतला भाजलेला कांदा, लसूण आणि खोबरं पुन्हा तेलात करपतं, हे कळायला साठ वर्षांचं वय आणि दीड किलो चिलापी खर्ची पडली. आता माशाला आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर यांचं वाटण आणि साधं ब्याडगी तिखट. चटणी वरून, कढईतून काढल्यावर चिमटीनं.

आणि काका, तुमच्या मेव्हण्यासाठी वीस बांगडे रत्नागिरीहून येतील. पाठवा त्याला.

---

प्रेषक: तासगावचा, सध्या मॅडिसन
दिनांक: ३ डिसेंबर
विषय: उत्तर: २१ तारीख पक्की

काका, नाद खुळा! मी, बायको आणि तिचा भाऊ येतोय.

फक्त एक. तेल कुठलं घेताय? घाण्याचं शेंगतेल म्हणाल तर थांबा. माझं पोट तेलाच्या कंपनीवरच आहे. न गाळलेलं, न शुद्ध केलेलं शेंगतेल साधारण १६० अंश सेल्सिअसला धूर सोडतं. मासा तळायला १७५ ते १९० लागतात. रिफाइंड शेंगतेल २३०च्या आसपासपर्यंत तग धरतं, अमेरिकेत दक्षिणेकडचे लोक तेच वापरतात. म्हणजे कढईत रिफाइंड, आणि तव्यावर बांगडा रव्यात लावायचा असेल तर तिथे घाण्याचं, मंद आचेवर. वास घाण्याच्याच तेलाला आहे, ते मी तासगावचा असून नाकारत नाही.

थर्मामीटर नसेल तर भरड्याची चिमूट टाकून बघा. तळाला जाऊन बसली तर तेल थंड. टाकताक्षणी फसफसून वर आली तर मासा सोडा. एका वेळी चार तुकड्यांच्या वर नको, तेल थंड पडतं आणि मासा तेल पितो. काढल्यावर जाळीवर ठेवा, पेपरवर नको. एक तर शाई, दुसरं म्हणजे खालची बाजू लगेच मऊ.

---

प्रेषक: ब्रुकफील्डच्या वहिनी
दिनांक: ३ डिसेंबर
विषय: उत्तर: उत्तर: २१ तारीख पक्की

आणि तुमच्या माळकरी काकूंचं काय? आमच्या सासूबाई आणि त्या एकत्र बसतील, पण परसात मासा तळला जात असताना काकू घरात कोंडून घेणार असतील तर आम्हाला घास जाणार नाही.

---

प्रेषक: जुना खजिनदार, सांगली
दिनांक: ४ डिसेंबर
विषय: उत्तर: उत्तर: २१ तारीख पक्की

काकूंनी स्वतःच व्यवस्था लावलीय. वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा झारा, आणि त्यांची चूल वाऱ्याच्या वरच्या अंगाला. कृष्णाकाठच्या वांग्यांचे काप, सुरणाचे काप, कच्च्या केळ्याचे काप. पीठ मात्र ज्वारीचं, मका त्यांना मान्य नाही. त्यांचा घाणा आधी निघणार. भाकरी शेजारच्या ताई करून देणार आहेत, पन्नास सांगितल्यात.

आज दत्तजयंती, काकू नरसोबाच्या वाडीला गेल्यात. तिथून फोन करून विचारलं, वांगी किती आणायची.

---

प्रेषक: जुना खजिनदार, सांगली
दिनांक: २२ डिसेंबर
विषय: कालचा वृत्तांत

मंडळी,

एकूण २७ माणसं, तीन मांजरं. मांजरांना आमंत्रण नव्हतं.

साडेसहाला सगळे वेळेवर आले, हा पहिला धक्का. मी कढई तापवून उभा. आणि पाहुणे? परसाच्या भिंतीला, जिथे २०१९च्या पुराची रेघ अजून आहे, तिथे खुर्च्या ओळीनं लावल्या आणि बसले. हात मांडीवर. पहिला घाणा निघाला, मी ओरडलो, "या, घ्या!" कोणी हलेना. जयसिंगपूरचे एक वडीलधारे म्हणाले, "होऊ दे सगळं, मग बसू एकदमच. घाई काय?" मी म्हटलं, इथं उभं राहून खायचंय. ते म्हणाले, "उभ्यानं गुरं खातात." तिकडे तेवीस वर्षं बर्फात उभं राहून खाल्लेले आपल्या मंडळाचे सभासदही त्यांच्या शेजारी गपचूप बसून! इथली माती पायाला लागली की सगळे सरळ होतात.

पहिले तीन घाणे मीच नेऊन वाढले. म्हणजे मी पळतोय, मासा थंड होतोय, तेल भलतंच तापतंय. पंगतच ती, फक्त पानांशिवाय.

मग सात वाजून गेल्यावर गारठा पडला. नदीकडून वारा सुटला. वहिनींच्या सासूबाईंनी आपली खुर्ची उचलली, काकूंच्या चुलीशी नेऊन ठेवली आणि हात शेकत वांग्याचा काप उचलला, थेट जाळीवरून. त्यांच्यामागे नातवंडं. दहा मिनिटांत सगळ्या खुर्च्या दोन्ही चुलींभोवती. शेकोटीच ती. जयसिंगपूरचे आजोबा कढईला सर्वात जवळ, आणि तुकडा निघाला की बोट दाखवायचे, "तो. तो नव्हे, त्याच्या पलीकडचा."

उभं कोणी राहिलं नाही, तेवढं मी सोडून दिलं.

माझी कढईही गेली. भोईमामा मासे साफ करून द्यायला आले होते, त्यांना खायला थांबवलं. पाच मिनिटं बघत होते, मग राहवलं नाही. "सायेब, माशाला किती उलथवताय? पडू द्या की जरा. एका अंगावर निजलेला बरा असतोय." झारा घेतला तो परत दिलाच नाही. त्यांची गोष्ट बरोबर होती. मी भरडा सुटतो म्हणून घाबरून सारखा परतत होतो, आणि परतल्यामुळेच तो सुटत होता. मासा कापडानं कोरडा पुसून, भरड्यात दाबून, सोडल्यावर हात लावायचा नाही. कडेनं सोनेरी दिसायला लागला की मगच उलटायचा, एकदाच.

साडेअकरा किलो मासा घेतला होता, साफ करून सातच्या आसपास राहिला. मरळ पहिल्या अर्ध्या तासात गेली. चिलापी पोरांनी शेपटीसकट संपवली, शेपट्या चिप्ससारख्या लागतात म्हणे. कटला शेवटपर्यंत पुरला आणि शेवटी भांडणं झाली. मक्याचा भरडा उरलाय, तो गिरणीवाल्याला खरं सांगून परत करणार आहे.

बांगडे सहा उरले. काका, दोष बांगड्यांचा नाही, ते नंतर तळले आणि तोवर पोटं भरली होती.

फोटो जोडलेत.

---

प्रेषक: देवगडवाले काका
दिनांक: २२ डिसेंबर
विषय: उत्तर: कालचा वृत्तांत

फोटो क्रमांक चार. डावीकडून तिसरा, ज्याच्या तोंडात घास आहे आणि हातात दुसरा तुकडा आहे, तो माझा मेव्हणा. त्यानं फोनवर सांगितलं की त्यानं फक्त बांगडा खाल्ला.

त्याच्या हातात काय आहे?

---

प्रेषक: जुना खजिनदार, सांगली
दिनांक: २३ डिसेंबर
विषय: उत्तर: उत्तर: कालचा वृत्तांत

कटला. पोटाकडची तुकडी, मागून घेतलेली. पाचवी.