'घेवड्याला खत घालू नका, खत पुरे'

भुईआवळा:
गच्चीवर भाज्या लावणाऱ्यांसाठी एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करतेय. बीन्सच्या परिच्छेदात म्हटलंय की मॅन्युअर टाळा, कंपोस्ट पुरतं. मराठीत ते 'घेवड्याला खत घालू नका, खत पुरे' असं होऊन बसतं. दोन्हींना वेगळे शब्द आहेत का? शिवाय 'वेल-रॉटेड'ला काय म्हणू? 'कुजलेलं' म्हटलं की शहरात नाकं मुरडतात. 'मुरलेलं' चालेल?

रायगडकर:
मुरतं ते लोणचं. शेणखत कुजतंच, शब्द बदलू नका. ते पुरतं कुजलंय की नाही यावर तर सगळं आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी येतं, कुंडीत ते तापून कोवळी मुळं करपतात. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं, मुठीत दाबून सोडलं की मोकळं होतं आणि त्याला शेणाचा वास राहत नाही. मॅन्युअरला 'शेणखत' लिहा, कंपोस्टला 'कंपोस्ट'.

शब्दवेल्हाळ:
एकटं शेणखत कसं पुरेल? लेंडीखत, कोंबडखत, घोड्याची लीद, सगळं मॅन्युअरच. आणि मराठी असताना 'कंपोस्ट' कशाला? लॅटिन मुळाचा अर्थ 'एकत्र ठेवलेलं'. पाकात शिजवलेल्या फळांचं कंपोट त्याच घरचं. सरळ 'मिश्रखत' म्हणा.

वऱ्हाडी_मिरची:
दुकानात मिश्रखत मागून बघा, 18:18:10 चं पोतं पुढ्यात येईल. तो शब्द रासायनिक खताचा झाला, आता परत मिळायचा नाही. आणि कंपोस्ट आपल्याला परकं कुठं राहिलंय? इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डची कंपोस्टची 'इंदूर पद्धत' इंदुरातच घडली. पुसदच्या ना. दे. पांढरीपांड्यांच्या नावाची आद्याक्षरं जोडून कंपोस्टची 'नाडेप' पद्धत झाली. 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच असं विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं. पालापाचोळा, शेणकाला, माती असे थर देत भरायचं आणि वरून लिंपून घ्यायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. याला शुद्ध मराठी शब्द शोधत बसायचं का?

ताटीवरचा_वेल:
शब्द घरात असताना बाहेर का जायचं? उकिरडा! संस्कृत 'उत्कर', प्राकृत 'उक्कुरुड'. यज्ञभूमीवरच्या केरकचऱ्याच्या ढिगालाही उत्करच म्हणत. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात, ती फिटवायची वेळ आलीय.

रायगडकर:
उकिरड्यावर टाकतात, कंपोस्ट रचतात, हा फरक शब्दात उतरायला हवा. तीन टोपल्या सुका पाला, एक टोपली ओला कचरा. ढीग लांबी-रुंदी-उंचीला मीटरभर तरी हवा, नाहीतर तापत नाही. ओल इतकीच, की मूठ पिळली तर थेंब गळू नये. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओला कचरा जास्त झालाय, सुका पाला मिसळा. सडक्या अंड्याचा वास आला तर आत हवा नाही, ढीग उलथा. कुजणं आणि सडणं यांतला फरकही तिथंच कळतो. हवेनं कुजतं, हवा कोंडली की सडतं.

शब्दवेल्हाळ:
हे मान्य. मग 'भरखत' घ्या. पेंडी, हाडांचा चुरा ती जोरखतं. शेणखत, कंपोस्ट ती भरखतं. अस्सल शब्द आहे.

वऱ्हाडी_मिरची:
म्हणजे 'घेवड्याला भरखत घालू नका, भरखत पुरे'. फिरून तिथंच आलो की!

पावशेर_वाल:
खताआधी 'बीन्स' म्हणजे घेवडा कुणी ठरवलं? कोरेगावकडे वाघ्या घेवडा म्हणजे राजमा. मुंबईत फरसबीला श्रावणघेवडा म्हणतात, कुणी वालपापडीलाही घेवडा म्हणतं. हा नुसता शब्दांचा घोळ नाही, खतच चुकेल. वाल, चवळी मुळांवरच्या गाठींतून नत्र मिळवतात. त्यांना जास्त खत दिलं की वेल माजतो, पानंच पानं, शेंग धरत नाही. फरसबीच्या मुळांवर गाठी कमी, तिला थोडं नत्र द्यावंच लागतं. बारा इंची कुंडीत दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, तीन बिया, इंचभर खोल. फुलं लागताना मूठभर कंपोस्ट आणखी. बी रात्रभर भिजवू नका, साल फाटून कुजतं.

ताटीवरचा_वेल:
फरसबी म्हणजे फराशिसांची बी. मराठ्यांच्या कागदांत फ्रेंचांना फराशीसच म्हटलंय.

शब्दवेल्हाळ:
'फ्रेंच बीन' भराभर म्हणून बघा, फरसबीच ऐकू येईल. फराशिसांना मध्ये कशाला आणता?

ताटीवरचा_वेल:
आणि ते 'फ्रेंच' कोण? फराशीसच ना!

भुईआवळा:
म्हणजे बीन्सचं एक वाक्य तोडून दोन करायचं? वालाला वेगळं, फरसबीला वेगळं? खताचा शब्द अजून राहिलाच आहे.

पावशेर_वाल:
दोनच करा. वालाच्या वाक्यात वेळही घाला. गावठी वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. मार्चमध्ये लावला तर महिनोन्महिने नुसती ताटी भरते आणि लोक खताला बोल लावतात.

रायगडकर:
आमच्याकडे भात कापलं की जमिनीच्या ओलीवर वाल टाकतात. ना शेणखत, ना कंपोस्ट. त्याच शेंगांची थंडीत पोपटी होते.

वऱ्हाडी_मिरची:
पोपटी म्हणजे पोपटाच्या शेंगांचीच ना? आमच्याकडे त्या शेंगांनाच पोपट म्हणतात.

रायगडकर:
नाही हो, पोपटी हा पदार्थ. मडक्यात तळाला भांबुर्डी या रानझुडपाचा पाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. पाणी अजिबात घालायचं नाही.

शब्दवेल्हाळ:
भांबुर्डी की भामरूड? दोन्ही ऐकलंय.