रिसेल फ्लॅट घेण्याआधी स्वतःचा इंजिनियर नेऊन तपासणी करावी का? – पुणे

ओसरी

नमस्कार मंडळी. कर्वेनगरमध्ये एक टूबीएचके पाहिलाय. इमारत १९९२ ची, तीन मजली, लिफ्ट नाही, फ्लॅट सगळ्यात वर. लेकीची शाळा चालत दहा मिनिटांवर, हवा खेळती, खिडकीसमोर गुलमोहोर. किंमतही आमच्या आवाक्यातली. एजंट म्हणतो, "ताई, शनिवारपर्यंत टोकन द्या, दुसरी पार्टी तयार आहे."

एक गोष्ट मात्र खटकतेय. सगळ्या घराचा रंग जुना आणि मागच्या बेडरूमची एकच भिंत आणि छत ताजं रंगवलेलं. विचारलं तर म्हणाले, घरात साखरपुडा होता म्हणून केलं. मग बाहेरची खोली का नाही रंगवली?

आमच्या दोन्ही घरांत पहिल्यांदाच कुणी फ्लॅट घेतंय. दोघांची सगळी बचत आणि वर २० वर्षांचं कर्ज. परदेशातली मावसबहीण म्हणते, तिकडे घर घेण्याआधी सर्व्हेअर नेतात. आपल्याकडे असं कोणी करतं का? कोणाला बोलवायचं, खर्च किती येतो? भरवशाचं नाव असेल तर नक्की कळवा.

पेठेतला

कर्ज काढताय ना? मग बँकेचा माणूस येऊन बघतोच. कागद वकिलाकडून तपासून घ्या, एवढं पुरे.

गच्चीखालची

पेठेतला, मनापासून असहमत. आम्हीही नेमकं हेच धरून चाललो होतो.

२०१९ च्या मार्चमध्ये धायरीत असाच वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. बँकेचा व्हॅल्युअर आला, खोल्यांची मापं घेतली, फोटो काढले, आजूबाजूचे भाव विचारले आणि पंधरा मिनिटांत गेला. उद्या आपण हप्ते थकवले तर हे घर विकून बँकेचे पैसे सुटतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. छत गळतं का, हा त्याचा प्रश्नच नाही. फी आम्ही भरली, पण रिपोर्ट आमच्या हातात कधी आलाच नाही.

पहिल्या मोठ्या पावसात बेडरूमच्या पीओपीवर चहाच्या रंगाचा डाग उमटला. दोन दिवसांत पंख्याच्या हुकातून थेंब पडायला लागले. पीओपी उतरवलं तर वर स्लॅबच्या सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. मुलगा त्याच पंख्याखाली झोपायचा. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

गच्चीतून झिरपणारं पावसाचं पाणी बंद करणं हे सोसायटीचं काम. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांत) तसं स्पष्ट लिहिलंय. पण सोसायटीकडे फंड नाही, खालच्या मजल्यांवरचे म्हणतात आम्हाला काय त्याचं. चौदा महिने भांडून शेवटी गच्चीचा कोबा आणि स्लॅबची दुरुस्ती धरून पावणेतीन लाख आमच्या खिशातून गेले. ओसरी, ती एकच ताजी रंगवलेली भिंत वाचून माझ्या पोटात कालवलं. टोकन देऊ नका. नंतर आम्ही सासऱ्यांच्या घरासाठी ज्यांना नेलं होतं, त्या इंजिनियरांचं नाव व्यनि (खासगी निरोप) केलंय.

मुरूम_माती

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, २२ वर्षं पुण्यातच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे सर्व्हे म्हटलं की भूमी अभिलेखची मोजणी आठवते. ती जमिनीची. प्लॉट, बंगला किंवा रो-हाऊस घेणाऱ्याने ती करून हद्दीच्या खुणा बघाव्यातच. तुम्हाला हवी आहे ती इमारतीची तपासणी. त्यासाठी महापालिकेचं लायसन्स असलेला स्ट्रक्चरल इंजिनियर बोलवा. इंटिरियरवाला नको, एजंटच्या ओळखीतला नको आणि वॉटरप्रूफिंगवाला तर नकोच. ज्याला पुढे दुरुस्तीचं काम मिळणार आहे, त्याच्याकडून दोष काढून घेऊ नयेत. तपासणी टोकनच्या आधी. टोकन गेल्यावर आम्ही काहीही शोधून काढलं तरी घासाघीस करायची तुमची ताकद संपलेली असते.

मी फ्लॅटमध्ये शेवटी शिरतो. आधी गच्ची. कोब्याला उतार आहे का, पाणी कुठे साचून काळे डाग पडलेत, पावसाच्या पाइपांची तोंडं तुंबलीत का, पॅरापेटमध्ये (गच्चीच्या कठड्यात) पिंपळ उगवलाय का. दीड वीत पिंपळाचं मूळ भिंतीत किती खोल गेलेलं असतं, हे उपटायला गेल्यावर कळतं. पाण्याच्या टाकीखालचा स्लॅब वाकून बघायचाच. मग खाली पार्किंगमधले कॉलम, मग बाहेरून सज्जे आणि ड्रेनेजच्या डक्ट.

फ्लॅटमध्ये पहिल्यांदा माळ्यावर चढतो. घर विकताना माणूस भिंती रंगवतो, पीओपी करतो, पण माळ्याच्या आतलं छत कोणी रंगवत नाही. तिथे स्लॅब जसा आहे तसा दिसतो.

सगळ्या चिरा सारख्या नसतात. विटांची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावरची आडवी सरळ चीर बहुतेक वेळा गिलाव्याची असते, तिला घाबरू नका. स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत गेलेली चीर म्हणजे आत गंज धरलाय. गंज फुगतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. बीमच्या टोकाशी, आधाराजवळ तिरपी चीर दिसली तर तिथेच थांबायचं आणि सखोल तपासणीशिवाय पुढे जायचं नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने गिलाव्यावर टकटक करा. चांगला गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. मडकं पारखतो तसंच.

यंत्रांबद्दल एक सावधगिरी. रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर ठोकून त्याचा कडकपणा मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दाखवून 'काँक्रीट उत्तम' असं कोणी म्हटलं तर लगेच मान्य करू नका. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, त्यामुळे हॅमर चढा आकडा दाखवतो. सोबत अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरी सोडून करायची) चाचणी आणि फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी असेल तर त्या आकड्यांना अर्थ. फिनॉल्फ्थॅलिन ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर मारतात. गुलाबी झालं तर तिथला अल्कलीपणा टिकून आहे, म्हणजे सळईभोवतीचं संरक्षण शाबूत. रंगच आला नाही तर ते गेलं.

एका फ्लॅटसाठी अख्ख्या इमारतीच्या चाचण्या होत नाहीत, म्हणून सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे गेलेल्या इमारतीचं दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. तुमची इमारत दुसऱ्या गटात. रिपोर्ट नाही म्हणाले, तर ती सोसायटी घराची काळजी कशी घेते ते कळलंच.

टाइलच्या मागचं आम्हालाही दिसत नाही. तुमच्या बाथरूमची गळती खालच्यांच्या छतावर दिसणार, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्यांची बेल वाजवा. खालचे लोक हे फार मोकळेपणाने सांगतात. नळ मूळचे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपांवर असतील तर सगळे एकदम सोडून धार बघा. इतक्या वर्षांत आतून गंजून पाइपाचं तोंड पार बारीक झालेलं असतं. वायरिंगला अर्थिंग आहे का, तेही तपासून घ्या.

पाटीवरचं_गणित

क्षेत्रफळ लेझर मीटरने स्वतः मोजा. त्या काळच्या करारांत बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून) लिहिलेलं असायचं. आता रेराच्या (बिल्डर-ग्राहक व्यवहारांच्या कायद्याच्या) व्याख्येत कार्पेट म्हणजे आतल्या विभाजक भिंतींसकट आतली जागा, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. एजंट कोणता आकडा सांगतोय ते आधी विचारा, मगच दर चौरस फुटाचा भाव काढा. बाल्कनी आत घेतली असेल तर मंजूर नकाशाशी ताडून पाहा. आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, म्हणजे कन्व्हेयन्स, ते प्रॉपर्टी कार्डवर बघाच. उद्या रिडेव्हलपमेंटची वेळ आली की सगळं तिथेच अडतं.

मुठाकाठ

नदीपासून किती लांब? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आम्ही पार्किंगमधून गाड्या ढकलत होतो. घर वरच्या मजल्यावर असलं तरी मीटर, पंप आणि खालची टाकी खालीच असते. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जागा त्यांच्या आत आहे का बघा. पार्किंगच्या भिंतीवरची चिखलाची रेघही बघा, पुष्कळदा ती तशीच राहिलेली असते.

नवा_ताबा

मोशीत नवीन फ्लॅटचा ताबा पुढच्या महिन्यात आहे. नव्याला काय तपासायचं असतं?

मुरूम_माती

नव्यालाही तपासा. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून पहिल्याच दिवशी फोटोसकट लेखी यादी द्या आणि पोच घ्या. बाथरूममधलं पाणी जाण्याचं तोंड बंद करून २४ तास पाणी भरून ठेवा, खालच्या फ्लॅटच्या छतावर ओल येते का बघा. भोगवटा पत्राशिवाय (इमारत राहायला योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याशिवाय) ताबा घेऊ नका.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. गच्चीखालचीताईंनी सुचवलेल्या इंजिनियरांना काल सकाळी आठ वाजता घेऊन गेले. लेखी रिपोर्टसकट साडेआठ हजार घेतले. एजंट नाराज झाला, "ताई, असं कोणी करत नाही" म्हणाला. मी सांगितलं, मग टोकन नाही.

गच्चीवर पॅरापेटच्या कोपऱ्यात पिंपळ होता. त्याच्याच खाली आमची ती ताजी रंगवलेली भिंत. ओल मोजायचं यंत्र जुन्या रंगाच्या भिंतींना लावलं तेव्हा गप्प, या भिंतीला लावताच चिरकायला लागलं. इंजिनियर टॉर्च घेऊन माळ्यावर चढले आणि मलाही वर बोलावलं. छतावर सळयांच्या ओळीने तांबूस रेघा, मधे मूठभर काँक्रीट सुटलेलं. तिथे त्यांनी फिनॉल्फ्थॅलिन मारलं, रंग आलाच नाही. मग सेक्रेटरींची परवानगी घेऊन पार्किंगमधल्या एका कॉलमच्या आधीच फुटलेल्या कडेचा छोटासा तुकडा काढला आणि तिथे मारलं. क्षणात गर्द गुलाबी. दुसऱ्या दोन कॉलमांवर काँक्रीट तपासायच्या यंत्रानेही बरे आकडे दिले. त्यांचं म्हणणं, इमारतीचे पाय चांगले आहेत, दुखणं वरच्या स्लॅबचं आहे आणि ते पाण्यामुळे आहे. गच्ची आणि स्लॅब मिळून अंदाजे दोन लाखांचं काम. सोसायटीचं शेवटचं ऑडिट २०१३ चं.

आम्ही निघताना मालकांच्या आई आतून आल्या. हातात चहाचा कप देत म्हणाल्या, "पावसाळ्यात त्या कोपऱ्यात मी परात ठेवते गं, तूही ठेवत जा." मालक खाली बघत राहिले. मग तेच म्हणाले, बसून बोलू.

किमतीतून दोन लाख कमी करायला ते तयार आहेत. गच्चीचं काम सोसायटीने करावं असा ठरावही येत्या रविवारच्या सभेत मांडतो म्हणालेत. मला घर अजूनही आवडलंय, पण ठराव हातात आल्याशिवाय टोकन देणार नाही. ठरावाची प्रत विसारपत्राला जोडता येते का, आणि त्यात वाक्य कसं लिहून घ्यावं, हे इथल्या कुणा वकिलांनी सांगितलं तर फार मदत होईल.