स्वायत्तता दिली, पण हिशेब कोण लिहिणार?

‘पैसे थेट शाळेच्या हातात द्या, निर्णय मुख्याध्यापकांवर सोडा, दर्जा आपोआप सुधारेल’ असा युक्तिवाद सरकारी शाळांच्या स्वायत्ततेवरच्या चर्चेत वाचला. यातल्या पहिल्या दोन्ही गोष्टी मला मनापासून पटतात. गळका नळ बदलायला वरून मंजुरी यायची आणि तोवर मुलांनी ओल्या फरशीवरून जपून चालायचं, हे थांबायलाच हवं. पण ‘आपोआप’ हा शब्द मात्र खटकला.

पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये ३४ सरकारी शाळांपासून हा प्रयोग सुरू झाला. शाळा सरकारीच, पण शिक्षक निवडण्याची मुभा आणि खर्चासाठी एकरकमी निधी. मेलबर्न विद्यापीठाने २०१३ मध्ये केलेल्या मूल्यमापनात मुख्याध्यापकांचा उत्साह वाढलेला दिसला, कामाचा बोजाही वाढलेला दिसला. मुलांच्या गुणांत मात्र ठळक फरक नव्हता. तरीही २०१४ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने हीच वाट देशभर रुंद करायला ७ कोटी डॉलर ठेवले.

मला यातला बोजाचा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नेमणुका, निविदा, बिलं, दुरुस्त्या हे सगळं एका टेबलावर येऊन पडलं की मुख्याध्यापक वर्गात जाऊन बसणार कधी? मोठ्या शाळेला निदान एखादा लेखनिक परवडतो. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत तर जो शिकवतो तोच पावत्या चिकटवत बसतो. म्हणून निधीबरोबर हिशेब सांभाळणारा माणूसही द्यावा, निदान चार-पाच लहान शाळांत मिळून एक तरी. ही मागणी या चर्चेत अजून कुणी मांडलेली दिसली नाही.