खो-खोच्या पाटीवर बसवलं की मूल आपल्यात मिसळतं का?

घणसोलीकर:
२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये निर्वासितांचा संघ पहिल्यांदा उतरला, १० खेळाडूंचा. २०२४ ला पॅरिसमध्ये सिंडी एन्गाम्बाने बॉक्सिंगमध्ये कांस्य जिंकलं, या संघाचं पहिलंवहिलं पदक. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. परदेशात निर्वासित मुलांना शाळेत रुळवायला फुटबॉल, नाच-गाणी सर्रास वापरतात. आपल्या नवी मुंबईत, तुर्भे-दिघ्याकडच्या पालिका शाळांत निर्वासित नाहीत, पण नाका कामगारांची आणि खाणमजुरांची पोरं आहेत. कुणी कलबुर्गीचं, कुणी बिहारचं. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसतात. माझं म्हणणं, रोज एक तास खो-खो आणि लेझीम ठेवा, बाकीचं आपोआप होतं. रविवारी मी मैदानावर पोरांना खेळवतो. कन्नडखेरीज अक्षर न बोलणारी एक मुलगी आहे. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आलं की बाणासारखी सुटते. थाप कुणी मारली हे बघायलाही थांबत नाही.

कोपरीची काकू:
‘आपोआप’ या शब्दालाच माझी हरकत. आणि तुलनाही गंडलीय. निर्वासिताला परत जायला घर उरलेलं नसतं. कलबुर्गीचं पोर स्वतःच्याच देशात आहे, त्याला तुमच्या लेझमीची मेहेरबानी कशाला? २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, वयाला साजेशा वर्गात घ्या, जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवू नका. एवढं धड झालं तरी खूप. खरे निर्वासित बघायचेत तर उल्हासनगरला जा. फाळणीनंतर लष्कराच्या रिकाम्या बराकींत लाखाच्या आसपास सिंधी माणसं उतरवली, ‘कल्याण कॅम्प’ म्हणायचे तेव्हा. त्यांना कुणी कबड्डी खेळवून मिसळवलं नाही. धंदा उभा केला, तेव्हा आजूबाजूचे लोक आपणहून दारात आले.

पारसिकचा बोगदा:
काकू, धंदा मोठ्यांचा. सात वर्षांच्या पोराने काय गाळा टाकायचा? खेळाने फरक पडतो, फक्त संघ कसे पाडता ते बघा. मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांची क्रिकेट लीग लावून हेच तपासलं. एका संघात खेळलेल्यांची परजातीत मैत्री वाढली. समोरासमोर खेळलेल्यांत उलट परजातीतलं येणंजाणं कमी झालं. आपल्याकडे काय चालतं? ‘गाववाले विरुद्ध झोपडपट्टी’ असा सामना, वर ढोल. भांडण लावायचंच असेल तर याहून सोपा मार्ग नाही.

घणसोलीकर:
आमच्याकडेही पोरं आपापल्या आळीचेच संघ पाडतात, खोटं कशाला बोलू. ते बदलता येईल.

बेलापूर लोकल:
बदला, पण फार आशा नको. सल्मा मूसा यांचा इराकमधला अभ्यास २०२० मध्ये आला. आयसिसमुळे गाव सोडावं लागलेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. त्या संघातले लोक सहा महिन्यांनीही मिश्र सरावाला यायला जास्त तयार होते. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी वागणं मात्र फारसं बदललं नाही. म्हणजे सोबत खेळतो तो आपला, त्याचा चुलतभाऊ परकाच.

वाशी सेक्टर १७:
मी पालिका शाळेत शिकवते, म्हणून ‘संस्कृती’बद्दल दोन शब्द. स्नेहसंमेलनात बंजारा मुलीला आरशांची ओढणी घालून नाचवायचं, पालकांनी फोटो काढायचे, सोमवारी ती परत मागच्या बाकावर. याला मिसळणं म्हणत नाहीत हो, ही नुमाईश झाली. त्याऐवजी तिच्या आईला बोलवून तेच टाके सगळ्या वर्गाला शिकवायला लावले. माझ्या वर्गातल्या आगरी पोरी त्या दिवशी तिच्या हाताखाली बसल्या, सुई ओवायला तिच्याकडे येत होत्या. लेझीमचंही तसंच: ताल त्यांना आपण शिकवतो, त्यांचा ताल आपण कधी शिकलो?

कोपरीची काकू:
हे पटलं. पण वाचता न येणाऱ्याचं काय?

वाशी सेक्टर १७:
त्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत क्लार्कस्टन गावात लुमा मुफ्लेह यांनी २००४ मध्ये निर्वासित मुलांचा फुटबॉल संघ काढला. पुढे कळलं, संघातल्या मुलाला वाचताच येत नाही. मग अभ्यासाला बसल्याशिवाय खेळायला नाही असा नियम झाला, नंतर चक्क शाळाच उभी राहिली. मैदानामुळे निदान ते उघडकीला आलं. वर्गात अशी पोरं डोकं खाली घालून लपून जातात.

पारसिकचा बोगदा:
आणि इमारत पूर्ण झाली की बाप पुढच्या साइटवर. पोर उलव्याला नाहीतर तळोज्याला. डिसेंबरच्या सामन्यांत घेतलेलं नाव जानेवारीत पटावरून गायब.

घणसोलीकर:
ठीक. या रविवारपासून चिठ्ठ्या टाकून संघ पाडतो आणि खेळाआधी अर्धा तास वाचन. शाळाप्रवेशाच्या दाखल्यांचं काम मला जमणार नाही. काकू, तुम्ही ठाण्यातून याल का?

कोपरीची काकू:
येईन, पण लेझीम घेणार नाही. शाळेत एकटीने जायचं नाही, बरोबर एखादा बाप आणा, आणि अर्ज दिला की त्याची पोच मागून घ्यायची.